तेल आणि ऊन

बाजारात कुणी जुना कामगार भेटला, की तो हमखास विचारायचा, "भिया, अपनी कंपनी कब खुल री?" आणि शरदराव छाती जराशी पुढे काढून म्हणायचे, "माझ्याकडून तयारी आहे." अकरा वर्षं हाच सवाल आणि हाच जवाब. विचारणारे म्हातारे झाले, एक जण स्टँडसमोर पोह्यांची गाडी लावून बसला, एक माताजीच्या टेकडीखाली ई-रिक्षा फिरवू लागला, दोघं तर वरच गेले. शरदरावांची तयारी मात्र तसूभर कमी झाली नाही.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियात ट्रॅक्टरचे मडगार्ड बनवणारी ही कंपनी. मालक भावाभावांत फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि एका दिवाळीनंतर फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. कोर्टाने माल राखायला चार माणसं ठेवली. स्टोअरला शरदराव, मशिनींना फिटर प्रतापराव, फाटकावर एक चौकीदार आणि झाडलोट करायला दुर्गा नावाची बाई. कोर्टाच्या कागदात एक ओळ होती आणि शरदरावांना ती तोंडपाठ होती. जो कुणी ही कंपनी चालू स्थितीत घेईल, त्याने जुन्या चाळीस कामगारांना परत कामावर घ्यायचं. मशिनी बंद निघाल्या, तर सगळं भंगारात. म्हणजे चाळीस घरांची भाकरी त्या 'चालू' या एका शब्दावर टांगलेली होती, आणि शब्द राखायचं काम शरदरावांकडे होतं. निदान त्यांना तसं वाटायचं.

मशिनी म्हणजे ओळीने उभ्या सहा प्रेस. प्रत्येकीच्या अंगाला पुरुषभर उंचीचं एक चाक. चाक सारखं फिरत असतं. बटण दाबलं की एका रबरी पडद्यात हवा भरते, पडदा फुगून चाकाला पकडतो, आणि मग प्रेसचा अजस्र हातोडा खाली येतो. पडदा फाटका असेल तर चाक आपलं फिरतच राहणार, रिकामटेकड्या जावयासारखं. जेवणाच्या ताटाएवढा काळा पडदा तो. एका प्रेसला दोन लागायचे, सहांना बारा. डब्यातही मोजून बाराच यायचे. एक डबा म्हणजे पूर्ण ओळ.

कंपनी धडाडत होती तेव्हा पडद्यांचा डबा आला की तीन महिन्यांत संपायचा. त्यामुळे रबर म्हातारं कसं होतं हे बघायची पाळी कुणावर आलीच नव्हती. लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते, कागद उंदीर खातात, हे सगळं शरदराव जाणून होते. रबराचं त्यांना वाटायचं, की त्याला काय होतंय? कुलूप लागलं त्या दिवशी स्टोअरात पडद्यांचे पाच डबे होते. नवे कोरे, चिकटपट्टीसुद्धा न उघडलेले. आणि ते बनवणारा कारखाना पुढे दोनच वर्षांत उठला. तेव्हापासून ते पाच डबे शरदरावांच्या जिवाचा तुकडा झाले.

शरदरावांच्या घरी खंडेनवमी कधी चुकली नाही. वडील नगरकडून नोकरीसाठी इकडे आले तेव्हा जी दोन-चार गाठोडी घेऊन आले, त्यात ही एक. नवमीला सुरी, कात्री, विळी, अडकित्ता पाटावर मांडायचा, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू, झेंडू. स्टोअरातही शरदराव तेच करत, फक्त पाट मोठा. चौकीदार हसायचा, "दशहरा तो कल है, मराठी लोग एक दिन पहले कायको शुरू हो जाते?" शरदराव लक्ष देत नसत. बेअरिंगा, शाफ्ट, पाने, साखळ्या सगळ्यांना तेल लागायचं, आणि खरं सांगायचं तर त्या तेलावरच ते लोखंड टिकलं. पहिली दोन वर्षं पडद्यांच्या डब्यांवर नुसतं फूल वाहिलं गेलं. तिसऱ्या वर्षी शरदरावांना वाटलं, देवापुढे बंद डबा काय ठेवायचा? त्यांनी एक डबा उघडला, आतली काळी पिशवी फाडली. पडद्यांवर पांढरट थर आला होता. लोणच्यावर येतो तसा. बुरशी!

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. जयवंतीबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कोंदटली असतील. रबर म्हणजे तरी काय, कातडंच की. आपल्या किमयाला केलं तेच करा. तेल चोळा आणि ऊन दाखवा."

किमया त्यांची एकुलती एक. सातव्या महिन्यात, ऐन थंडीत जन्मलेली. डॉक्टरांनी मान हलवली होती. जयवंतीबाईंनी क्वार्टरच्या मागल्या अंगणात तिला रोज पायांवर घेऊन तेल चोळलं, कोवळं ऊन दाखवलं, आणि पोर तीन महिन्यांत गुटगुटीत झाली. आता ती धारला शाळेत शिकवते. त्या घरात तेल आणि ऊन या दोन औषधांपुढे तिसरं औषध नव्हतं. शरदरावांना पटायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वाटीभर तेल घेऊन ते स्टोअरात गेले, सगळे डबे खाली काढायला लागले, आणि मोजताना थबकले. एक, दोन, तीन, चार. पाचवा नव्हता.

वरच्या फळीवर हात जाणारं माणूस एकच. दुर्गा. धूळ काढायला तीच चढायची. शरदरावांनी तिला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, रॅककडे बघितलं आणि आपल्या माळवीत म्हणाली, "साब, रैक का पाछे देखो नी. ऊपर से गिर्यो होयगो."

"मुझे मत सिखा," शरदराव म्हणाले. रॅक शाफ्टांनी भरलेला, दहा माणसांना हलायचा नाही. तरी त्यांनी स्टुलावर चढून मागच्या फटीत बॅटरी मारली. अंधार दिसला. अंधारात काय दिसणार? ते खाली उतरले.

प्रतापरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "शरदभिया, पडदे घेऊन ती करणार काय? चुलीत घालणार?"

"रजिस्टरात पाच आहेत. रॅकवर चार आहेत. मग एक गेला कुठे? पाय फुटले?"

शरदरावांनी कोर्टाच्या कचेरीला पत्र लिहिलं. एकच ओळ, सुंदर अक्षरात. पुढच्या सोमवारी दुर्गाला फाटकावरूनच परत पाठवलं. ती दोन दिवस फाटकासमोर बसून राहिली, कुणी आत घेईल म्हणून. आसपासच्या कंपन्यांनीही तिला काम दिलं नाही, कारण इंडस्ट्रियल एरियात बातमी सायरनपेक्षा लवकर पोचते. मग ती कुठेतरी धारकडे, माहेरच्या गावी निघून गेली म्हणे. शरदराव वाईट माणूस नव्हते. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पण रजिस्टर खोटं बोलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि श्रद्धेपुढे जेवणाचं काय एवढं!

उरलेल्या अठ्ठेचाळीस पडद्यांची मग जी सेवा सुरू झाली, ती पोटच्या पोराचीही कुणी करणार नाही. एकेका पडद्यावरची ती पांढरी बुरशी फडक्याने पुसून काढली. अंगठ्याने गोल गोल तेल जिरवलं. पूर्वेच्या खिडकीजवळ भिंतीवर खिळे ठोकून ओळीने टांगले, सकाळचं ऊन मिळावं, वारा लागावा. डब्यांची झाकणं कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर शाईने लेबलं केली: 'प्रेस पडदे. नग बारा. खंडेनवमी.' प्रत्येक ओळीखाली एक लेबल. येणाऱ्याने बघत राहावं असं ते अक्षर.

आणि हे एकदा नाही, नऊ वर्षं. दर खंडेनवमीला तेल, मधूनअधून उगाच मन खाल्लं म्हणून तेल. किमया फोन करायची, "बाबा, बस करा ना आता. धारला या, आपण सगळे साथ में राहू." शरदराव म्हणायचे, "कंपनी चालू झाली की येतो." पाचव्या-सहाव्या वर्षी पडद्यांवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. "वय झालं की माणसालाही पडतात," म्हणून त्यांनी तेल वाढवलं. प्रतापरावांनी एकदा बोट लावून बघितलं. "चिकट लागतायत, भिया."

"तेल मुरतंय," शरदराव म्हणाले.

प्रतापरावांनी बोट पँटला पुसलं. ते लोखंडातले माणूस, रबरावर बोलायचा आपल्याला अधिकार नाही असं त्यांना वाटलं असावं.

आणि अखेर एका फाल्गुनात कोर्टाकडून पत्र आलं. पिथमपूरच्या एका कंपनीला ही ओळ हवी होती. त्यांचा इंजिनिअर गुरुवारी येणार. सहाही प्रेस सलग एक तास चालवून दाखवायच्या. चालल्या तर कंपनी जशीच्या तशी, चाळीस माणसांसकट. नाही चालल्या तर भंगाराच्या वजनाने. मुदत तेवढीच, त्यापुढे एक दिवस नाही.

शरदरावांनी ते पत्र जयवंतीबाईंना तीनदा वाचून दाखवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं. गुरुवारी सकाळी त्यांनी नवा शर्ट घातला, दही-साखर हातावर घेतली. फाटकाशी पोचले तर बाहेर तीसेक जण आधीच उभे. पोहेवाला गाडी बंद ठेवून आलेला. ई-रिक्षावाल्याने तर जुना निळा ड्रेस काढून घातला होता, पोटावर बटणं लागत नव्हती. "भिया, आज तो हो जाएगा ना?"

"माझ्याकडून तयारी आहे," शरदराव म्हणाले.

इंजिनिअर म्हणजे पंचविशीची पोरगी निघाली. वल्लरी नाव, घराणं धारचं, पणजोबा संस्थानात कारभारी होते म्हणे. तिने वाकून नमस्कार केला. "काका, मी मराठीच आहे हं. फक्त बोलते थोडी मिक्स. स्कूल पूरा हिंदी में हुआ ना." शरदरावांना ती एकदम आवडली. त्यांनी तिला आधी लोखंड दाखवलं. तिने एक शाफ्ट उचलला, आरशासारखा चमकणारा, आणि खरंच थक्क झाली. "काका, इतके साल नंतर एक दाग नाही! आमच्या चालू प्लँटमध्ये असं नसतं."

शरदरावांच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला क्षण. तो पुरती पाच मिनिटंही टिकला नाही.

प्रेसमध्ये अकरा वर्षं बसून राहिलेले जुने पडदे दगड झाले होते. ते काढून टाकायचे हे ठरलेलंच होतं. शरदराव खिडकीशी गेले आणि पहिली जोडी खिळ्यावरून उतरवली. प्रतापरावांनी ती पहिल्या प्रेसला चढवली, नट आवळले, मोटर सुरू केली. चाक फिरायला लागलं. फाटकाबाहेरच्या माणसांनी तो आवाज ओळखला, तिकडून टाळ्या ऐकू आल्या. प्रतापरावांनी हवा सोडली. पडदा फुगायला लागला आणि फस्सकन फाटला.

"एखादा निघतो खराब," शरदराव म्हणाले, आणि दुसरी जोडी आणली. ती चढवताना बोल्टच्या भोकापाशीच चिरली. तिसरी हवेला टिकली, हातोडा वीतभर खाली आला, आणि पडदा शिवण उसवावी तसा उभा फाटत गेला. चौथी. पाचवी. शरदराव खिडकीकडे आणि खिडकीकडून धावत होते, बासष्ट वर्षांचं वय विसरून. दहाव्या जोडीनंतर प्रतापराव नुसतेच पडदे हातात घेऊन वाकवून बघू लागले. वाकवला की चिरांचं जाळं उघडायचं. हाताला काळा चिकट लगदा लागायचा. त्यांनी एकेक करत सगळे वाकवले. भिंतीवरचे शेवटचे दोन उरले तेव्हा त्यांनी मोटर बंद केली. चाक बराच वेळ आपल्या जोरावर फिरत राहिलं आणि मग थांबलं.

वल्लरीने भिंतीवरचं एक लेबल हातात घेतलं होतं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून असेल, ती म्हणाली, "अक्षर किती सुंदर आहे, काका. पण मला मराठी वाचायला नाही येत नीट. काय लिहिलंय?"

शरदराव फाटक्या पडद्यांच्या ढिगाकडे बघत होते. तिने लेबल सहज उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी छापलेलं होतं, डब्याच्या झाकणाची मूळ बाजू. ती वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला. तिने लेबल परत सुलटं करून भिंतीवर ठेवायला हात पुढे केला.

"वाचा," शरदराव म्हणाले.

"जाऊ द्या ना, काका."

"वाचा. मराठीत सांगा."

तिने शब्द जुळवत जुळवत सांगितलं. पिशवी उघडू नका. अंधारात ठेवा, ऊन लागू देऊ नका. टांगून किंवा ताणून ठेवू नका. तेल, ग्रीस लावू नका. वर पांढरा थर आला तर पुसू नका, तो रबराने स्वतःला वाचवायला काढलेला असतो, मेणासारखा.

पाच गोष्टी होत्या. पाचांतली एकही शरदरावांनी सोडली नव्हती. झाकणं कापताना ते बारीक इंग्रजी त्यांनी वाचलंच नव्हतं, आणि मग नऊ वर्षं ते डोळ्यांआड होतं, त्यांच्याच अक्षराच्या पाठीशी. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"काहीच केलं नसतं तर?" त्यांनी विचारलं.

वल्लरीला खोटं बोलता आलं नाही. "तर कदाचित चालले असते, काका. एक तास तर नक्की." मग घाईने म्हणाली, "पडद्यांचा नवा साचा बनवता येतो. पण तीन महिने लागतात, आणि वरचे लोग आजच्या पुढे नाही थांबणार. मी बोलून बघते." ती बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

फाटकाशी माणसं वाट बघत होती. शरदराव त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. "माझ्याकडून..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. पुढचं प्रतापरावांनी सांगितलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी ओरडलं नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ई-रिक्षावाल्याने निळ्या शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि सगळे आपापल्या वाटेने गेले.

त्या दिवसापासून शरदराव बोलेनासे झाले. जयवंतीबाई एकदा म्हणाल्या, "सल्ला माझा होता. मला तरी बोला काही." त्यावर त्यांनी नुसती मान हलवली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, यात गणपती करायला सांगणारीला काय बोलायचं? तिने पोर वाचवली होती. तिला काय माहीत, की एकाला वाचवणारी माया दुसऱ्याला मारते?

महिन्याभराने गॅस कटरवाले आले. सहा दिवसांत सहा प्रेस कापून ट्रकांत गेल्या. सातव्या दिवशी स्टोअरची पाळी. शरदराव आणि प्रतापराव किल्ल्या सोपवायला थांबले होते. मजुरांनी शाफ्ट उतरवून रिकामा झालेला मोठा रॅक भिंतीपासून ओढला, आणि मागून धप्पकन काहीतरी पडलं. भिंत आणि रॅक यांच्या मधल्या पट्टीवर कधीचं अडकून बसलेलं.

पाचवा डबा.

मजूर तो भंगारात टाकत होता. प्रतापरावांनी हातातून ओढून घेतला. चिकटपट्टी तशीच. आत काळी पिशवी, तीही तशीच. पिशवीत पडदे, सगळ्यांवर पांढरा नाजूक थर. प्रतापरावांनी एक काढला, दुमडला, पिळला, कानाची पाळी वाकवावी तसा तो वाकला आणि सोडल्यावर ताठ झाला. चीर नाही. डाग नाही. त्यांनी मोजले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजले.

"बारा," प्रतापराव म्हणाले. "शरदभिया, पूर्ण ओळ." आणि ते तिथेच, कापलेल्या लोखंडाच्या कचऱ्यात, मटकन खाली बसले.

शरदराव उभेच राहिले. अंधारात, कोंदट फटीत, कुणाचाही हात न लागता तो डबा अकरा वर्षं जिवंत राहिला होता. स्टोअरभर फक्त त्याचीच काळजी त्यांनी घेतली नव्हती. ज्याला चोरीला गेला म्हणून सोडून दिलं, तेवढाच वाचला.

दुसऱ्या दिवशी डबा पिशवीत घालून ते निघाले. देवासहून इंदूर, इंदूरहून धार. धारला किमयाच्या घराकडे वळले नाहीत, सरळ दुर्गाच्या गावची, तिरल्याची गाडी पकडली. दुर्गाचा पत्ता चौकीदाराने शोधून दिला होता. गाडीत त्यांना एकच विचार छळत होता. तेव्हा तिचं ऐकलं असतं, रॅक हलवला असता, डबा सापडला असता, तर? तर दुर्गाची नोकरी राहिली असती. आणि त्या डब्यातले बारा पडदेही त्यांनी खिडकीत टांगले असते, तेल चोळून. त्या बाईवर आळ घेतला म्हणून पडदे वाचले, आणि आळ घेतला म्हणूनच ते वेळेला सापडले नाहीत. कुठूनही धरा, हाती काही लागत नव्हतं. एवढंच करता येण्यासारखं होतं, की जाऊन तिला सांगायचं.

दुर्गा ओसरीवर लसूण निवडत होती. केस पांढरे झालेले. त्यांना बघून ती उठली नाही, दचकलीही नाही. शरदरावांनी पिशवीतून डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

तिने एकदाच बघितलं. "रैक का पाछे थो नी?"

"हां," शरदराव म्हणाले. "पीछे ही था. तुमने बोला था. मैंने..." ते हात जोडून उभे राहिले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी देवाखेरीज कुणापुढे हात जोडले नव्हते. "मुझसे पाप हुआ, दुर्गाबाई."

ती लसणाच्या पाकळ्या फुंकरत होती. "तो अब मशीन चालू होयगी?"

"मशीन कट गई."

"ने वे चालीस लोग?"

शरदरावांनी मान हलवली. दुर्गाने सूप बाजूला ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. राग सापडला असता तर त्याच्याशी काही करता आलं असतं, पाय धरता आले असते, दोन शिव्या खाता आल्या असत्या. तिथे फक्त दमलेपण होतं.

"ये डिब्बा तुम रखो," ते घाईने म्हणाले. सगळ्या रस्त्यात त्यांनी हेच ठरवलं होतं. "गाँव में सबको दिखाओ. बोलो, साहब खुद लेके आया था. तुमने नहीं लिया था, सबको मालूम पड़ेगा."

दुर्गाने डबा बोटानेही शिवला नाही. पायाने सूप आपल्याकडे ओढलं आणि जरा मागे सरकली.

"नी साब," ती म्हणाली. "इके पाछो ले जाव. म्हारा घर में कोई देखेगो तो केगो, देखो, दुर्गा ने चोर्यो थो, ने इत्ता साल घर में छुपायो थो."

शरदराव खाली वाकले, डबा उचलला. ती परत लसूण निवडायला लागली होती.

तिरल्याच्या रस्त्यावर बसला अजून अवकाश होता. थांब्याला छप्पर नव्हतं, आणि वैशाखाचं ऊन डोक्यावर आलेलं. शरदरावांनी काळ्या पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारली, डबा छातीशी धरला आणि त्याच्यावर ऊन पडू नये म्हणून उन्हाकडे पाठ करून उभे राहिले.